किलोत मोजलेला गांजा

रविवारची गर्दी ओसरली की अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखालून चालताना वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. तो आम्हाला लहानपणापासूनचा. त्यात अधूनमधून आता दुसराही एक वास मिसळलेला असतो. ओला पाला जाळल्यासारखा, उग्र. पूर्वी तो एखाद्या बैराग्याच्या चिलमीजवळ यायचा, आता विशीच्या आतल्या पोरांच्या घोळक्यातून येतो. त्यात रिसॉर्टवर आलेली मुंबईची पोरं असतात, तशी गावातलीही असतात. हटकलं तर उत्तर ठरलेलं: "काका, झाड आहे ते. दारूपेक्षा बरं."

हे उत्तर मला उडवून लावता येत नाही. गांजावर जगभर जो वाद चालू आहे तो या दोन छोट्या वाक्यांत मावतो. गांजा किती घातक, आणि त्याबद्दल माणसाला तुरुंगात घालावं का, हे दोन प्रश्न आपण नेहमी एकत्र कालवतो. घातक आहे म्हणून बंदी हवी असं एक जण म्हणतो, तर बंदी अन्यायाची आहे म्हणून तो घातक नाही असं दुसरा. दोन्ही प्रश्न सुटे करून पाहिले तर काय हाती लागतं, ते इथे मांडतो.

झाड एकच. त्याच्या पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा, राळेचा चरस. नशा आणणारं मुख्य द्रव्य म्हणजे टीएचसी. ते १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेकोलम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळं काढलं. पुढे १९९२ मध्ये मेकोलम यांच्याच प्रयोगशाळेत कळलं की माणसाचा मेंदू तशाच जातीचं एक द्रव्य स्वतः तयार करतो. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, संस्कृतातल्या 'आनंद'वरून. भूक, झोप, स्मरण, भीती, वेदना यांची घडी बसवण्यात या यंत्रणेचा हात असतो. गांजा ओढणारा माणूस बाहेरून आणलेलं टीएचसी याच यंत्रणेत ओततो, शरीर स्वतः देतं त्याच्या कितीतरी पट. वाढीच्या वयात ही यंत्रणा मेंदूची बांधणी करण्यात गुंतलेली असते आणि ती बांधणी साधारण पंचविशीपर्यंत चालते. "झाड आहे ते" या वाक्याचा कस लागतो तो इथे. धोतराही झाडच आहे.

आता अपाय. सगळ्यात आधी जे खरं आहे ते मान्य करू. गांजाच्या अतिसेवनाने श्वास बंद पडून माणूस दगावतो, असं अफू किंवा दारूसारखं घडत नाही. व्यसन जडण्याचं प्रमाणही दारूहून कमी आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे ३ कोटी १० लाख भारतीय आढळले, म्हणजे लोकसंख्येच्या २.८ टक्के. पूर्ण परावलंबी झालेले ०.२५ टक्के. म्हणजे घेणाऱ्या अकरांतला एक. दारू पिणारे १६ कोटी निघाले आणि त्यांच्यात पाच-सहांतला एक परावलंबी. तेव्हा "दारूपेक्षा बरं" हे आकड्यांत काही अंशी टिकतं. पण त्याच पाहणीत गांजा-भांगेमुळे मदतीची गरज असलेले ७२ लाख लोक निघाले. मुंबईच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून जास्त माणसं ही. त्यांना तुलनेचा काय उपयोग?

शिवाय ही सरासरी आहे, आणि सरासरी वय लपवते. परदेशातल्या अनेक पाहण्यांत गांजा घेऊन पाहणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्के अडकतात, पण किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सहांत एकावर जातं. सोडताना चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं हे पहिल्या आठवड्यात जाणवतं आणि दोनेक आठवड्यांत ओसरतं. "गांजाची सवय लागतच नाही" हे मुलांमध्ये फिरणारं वाक्य म्हणूनच चुकीचं आहे.

सगळ्यात गंभीर वाद मनोविकाराचा. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पंधरा वर्षं माग ठेवला गेला. १९८७ मध्ये निष्कर्ष आला: पन्नासहून अधिक वेळा गांजा-चरस घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट. आक्षेप लगेच आले. आधीच मन विस्कटलेली मुलंच गांजाकडे वळत असतील तर? गरिबी, घरातले ताण, इतर नशा यांचं काय? आक्षेप रास्त होते आणि त्यांचा हिशेब धरल्यावर तो आकडा खाली आला, पण शून्यावर आला नाही. युरोपातली शहरं आणि ब्राझील मिळून अकरा ठिकाणी झालेला अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त आला. रोज गांजा घेणाऱ्यांत सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा आजार, होण्याची शक्यता तिप्पट दिसली. माल जहाल असेल तर जवळजवळ पाचपट. डेन्मार्कमधल्या नोंदींवरून २०२१ मध्ये असं दिसलं की स्किझोफ्रेनियाच्या नव्या रुग्णांपैकी गांजाच्या व्यसनाशी जोडता येणारा वाटा १९९५च्या सुमारास २ टक्के होता, तो २०१०नंतर ६ ते ८ टक्क्यांवर गेला.

याचा अर्थ गांजा ओढणारा प्रत्येक जण वेडा होतो असा नाही, बहुतेकांना असं काही होत नाही. ज्याच्या घरात आधीच मनोविकार आहे आणि जो चौदा-पंधराव्या वर्षी रोज ओढू लागतो, त्याच्यासाठी मात्र हा जुगार फार वाईट आहे. आणि आपल्या रक्तात काय आहे हे त्या वयात कुणाला ठाऊक असतं?

माझ्या परिचयातला किनाऱ्यावरचाच एक मुलगा. एकोणिसाव्या वर्षी तो मोबाइल मडक्यात घालून झाकून ठेवू लागला, कारण त्याच्यातून कुणीतरी आपल्याला पाहतंय अशी त्याची खात्री झाली होती. घरच्यांनी आधी बाधा समजून भगताकडे नेलं, मग दुसऱ्या भगताकडे. मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचायला सात महिने गेले. त्याला गांजामुळेच हे झालं असं डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं नाही, आणि मीही सांगणार नाही. तीन वर्षं रोज ओढत होता, एवढं खरं. औषधं घेतो तोवर बरा असतो. त्याच्या आईने मला विचारलं होतं, "लवकर आणला असता तर?" पहिल्या झटक्यानंतर उपचार जितके लवकर, तितका पुढचा मार्ग सोपा, हे मनोविकारशास्त्र सांगतं. मी ते त्या वेळी बोलू शकलो नाही.

बुद्धीवरच्या परिणामाचा वाद अजून मिटलेला नाही. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. किशोरवयापासून सातत्याने गांजा घेणाऱ्यांचा बुद्ध्यंक अडतिसाव्या वर्षापर्यंत आठ गुणांपर्यंत घसरला, असं त्यावरून २०१२ मध्ये मांडलं गेलं. नंतर जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासात गांजा घेणारं आणि न घेणारं भावंड यांत असा फरक दिसला नाही. म्हणून मी हे सिद्ध झालं असं म्हणत नाही. अभ्यासातलं लक्ष आणि अल्पकाळाची स्मृती मात्र गांजा चालू असेपर्यंत मंदावतेच, आणि बारावीच्या मुलाला तेवढंही पुरेसं नुकसान आहे.

फुप्फुसांचं थोडक्यात. गांजाच्या धुराने जुनाट खोकला आणि कफ होतो हे पक्कं. कर्करोगाशी नातं तितकं स्पष्ट नाही. पण आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मळूनच ओढतात, तेव्हा तंबाखूचे सगळे रोग सोबत येतातच. नशेत गाडी चालवल्यास गंभीर अपघाताचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असं वेगवेगळे अभ्यास एकत्र करून २०१२ मध्ये मांडलं गेलं. रात्री विरार-अर्नाळा रस्त्यावरून एका दुचाकीवर तिघे जाताना ज्यांनी पाहिलेत त्यांना यावर अधिक सांगायला नको. बोटीवर जाळं ओढणाऱ्या यंत्राजवळ उभ्या खलाशालाही तोच नियम लागू आहे.

आणि माल बदलला आहे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ साली सरासरी ४ टक्के टीएचसी होतं, २०१४ मध्ये १२ टक्के. आपल्याकडे बहुतेक माल आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगराळ भागातून येतो, शिवाय धुळे जिल्ह्यात शिरपूरच्या सातपुड्यात पिकांच्या आड लावलेल्या शेतांवर पोलिसांचे छापे पडत असतात. पण गेली दोन-तीन वर्षं मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात सापडतो तो 'हायड्रो', मातीविना बंद खोलीत वाढवलेला, अतिशय जहाल. आजोबांची चिलीम आणि नातवाची सिगारेट यांना एकाच नावाने ओळखणं हीच मोठी फसगत आहे.

हा वाद भारताला नवा नाही. गांजामुळे वेड्यांची इस्पितळं भरत आहेत अशी तक्रार ब्रिटिश पार्लमेंटमध्ये झाली आणि १८९३ मध्ये मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. सात सदस्य, त्यांत तीन भारतीय. त्यांनी १,१९३ जणांच्या साक्षी घेतल्या. मुंबई इलाख्यात अहमदनगरकडे तेव्हा सरकारी परवानगीने गांजा पिके, तिथली पद्धतही त्यांनी नोंदवली. सगळ्यात मोलाचं काम त्यांनी केलं ते इस्पितळांच्या वह्या उघडून. १८९२ साली देशभरात दाखल झालेल्या १,३४४ मनोरुग्णांपैकी २२२ जणांपुढे कारण म्हणून गांजा-भांग लिहिली होती. एकेक नोंद तपासल्यावर त्यातल्या फक्त ९८ टिकल्या. बाकीच्यांत कारकुनाने विचारलं, शिपायाने सांगितलं, आणि रकाना भरला गेला एवढंच. कमिशनने निष्कर्ष काढला की बेताच्या सेवनाने विशेष अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. संपूर्ण बंदी नको, कर, परवाने आणि मोजकी दुकानं यांनी आवर घाला.

गांजाचे समर्थक हा अहवाल प्रमाणग्रंथासारखा पुढे करतात. मला त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. गांजावरच्या करातून सरकारची तिजोरी भरत होती, ही एक. आणि कमिशनपुढचा प्रश्न मुख्यतः प्रौढ सेवन करणाऱ्याचा होता, साधू, मजूर, हमाल यांचा. पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाच्या दप्तरातली पुडी त्यांनी कल्पिलीही नसेल. शिवाय टिकलेल्या नोंदींचा आकडा ९८ होता, शून्य नव्हता.

स्वातंत्र्यानंतर १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा अफूच्या रांगेत बसला. सणवाराच्या वापराचा मुद्दा भारताने लावून धरला होता, म्हणून पाने कराराच्या व्याख्येबाहेर राहिली आणि बाकी वापर थांबवायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा १९८५ चा अमली पदार्थविरोधी 'एनडीपीएस' कायदा आला. त्या वर्षी १४ नोव्हेंबरला तो लागू झाला. चरस आणि गांजा गुन्हा, नुसतं पान त्याबाहेर. भांगेवर राज्यांचे कायदे चालतात आणि महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याखाली येते. एकाच झाडाचं पान महाशिवरात्रीला प्रसाद आणि फूल फौजदारी, ही विचित्र स्थिती तेव्हापासूनची.

शिक्षा ठरते वजनावर. एक किलोहून कमी गांजा 'अल्प प्रमाण', एक वर्षापर्यंत कैद. वीस किलोहून अधिक 'व्यापारी प्रमाण', किमान दहा वर्षं आणि जामीन जवळजवळ अशक्य. एका सिगारेटला अर्धा ग्रॅम लागतो धरलं, तरी एका किलोत दोन हजार सिगारेटी होतात. पाच ग्रॅमवाला पोरगा आणि नऊशे ग्रॅम पुड्या बांधून विकणारा कायद्याच्या एकाच खान्यात. त्यातही वजन कशाचं करायचं? व्याख्येत फक्त फुलोरा आहे, पण पंचनाम्यात पानं, काड्या, बिया सगळं तराजूवर चढतं. मुंबई उच्च न्यायालयात २०२२ मध्ये न्या. भारती डांगरे यांनी याच मुद्द्यावर, ४८ किलो माल दाखवलेल्या एका प्रकरणात जामीन दिला.

आणि नुसतं सेवन हाही गुन्हाच, कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड. मुंबईत २०१७ आणि २०१८ मध्ये निकाली निघालेल्या या कायद्याखालच्या खटल्यांचा अभ्यास 'विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी'ने केला. बहुसंख्य खटले गांजाचे, तेही स्वतः ओढल्याचे, आणि आरोपी फुटपाथवर राहणारे किंवा रोजंदारीवरचे. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, सुटायचं. त्यातून कुणाचं व्यसन सुटलं? २०१७चा मानसिक आरोग्य कायदा मात्र नशेतून उद्भवणाऱ्या मानसिक विकारांना आजार मानतो. देशाच्या एका कायद्यात जो रुग्ण, तोच दुसऱ्यात गुन्हेगार.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. कायदा किलो मोजतो. अपाय ठरतो तो वय, मालाची ताकद, रोज की कधीतरी, आणि घरातला मनोविकाराचा इतिहास यांवर. पंधराव्या वर्षी रोज दोन ग्रॅम ओढणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात किरकोळ आहे, वैद्यकाच्या दृष्टीने सगळ्यात गंभीर.

मग दुकानं उघडावीत? जगात तेही करून झालं आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये कायदा केला, कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून विक्री खुली केली. कॅनडात शाळकरी मुलांचं सेवन भडकलं नाही, हे समर्थकांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण ज्या प्रांतांत गांजाची चॉकलेटं आणि गोळ्या दुकानात आल्या, तिथे त्या चुकून खाऊन रुग्णालयात पोहोचलेली लहान मुलं वाढली. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा एकदम मोकळा केला, रस्तोरस्ती हजारो दुकानं उगवली, आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालावी लागली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून जवळ २५ ग्रॅम बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला प्रौढांना मुभा दिली, पण दुकानं उघडली नाहीत. या सगळ्यांत मला जर्मनीची वाट आपल्याला जास्त शिकवणारी वाटते, कारण तिथे शिक्षा कमी झाली पण विकणाऱ्या कंपनीला दार उघडलं नाही. गुटख्याचं आणि दारूचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. ज्याचा नफा रोज घेणाऱ्यावर अवलंबून आहे तो विक्रेता रोज घेणारेच तयार करणार.

औषधाची बाजू स्वतंत्र आहे. केमोथेरपीतली मळमळ, काही जुनाट वेदना आणि मुलांमधल्या अपस्माराचे दोन दुर्मीळ प्रकार यांत या झाडातली द्रव्यं उपयोगी पडतात. त्यांतल्याच सीबीडी या द्रव्याच्या, अपस्मारावरच्या औषधाला अमेरिकेने २०१८ मध्ये मान्यता दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताचं मत काढण्याच्या बाजूने होतं. त्याच महिन्यात गोव्यात औषधी लागवडीचा प्रस्ताव चर्चेत आला आणि विरोध होताच सरकारने हात झटकले. मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये दोन एकरांत गांजा लावायची परवानगी मागितली, कारण दुसऱ्या कुठल्या पिकाला भाव नव्हता. ती मागणी बाजारभावाबद्दल जास्त सांगते, गांजाबद्दल कमी. कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन मिळणं याच कायद्याने किती वर्षं अवघड करून ठेवलं होतं, ते २०१४च्या दुरुस्तीने थोडं सुटलं. भीतीपोटी रुग्णाचं औषध अडवण्याची चूक दुसऱ्यांदा नको.

माझं मत स्पष्ट आहे. स्वतःपुरता गांजा बाळगणं आणि ओढणं यासाठी तुरुंग नको, पोलीस ठाण्याच्या वहीत पोराचं नाव नको. दुकान, जाहिरात, कंपनी हेही नको. अल्पवयीन मुलाला पुडी विकणाऱ्याला मात्र वजन न बघता कडक शिक्षा हवी, मग ती पुडी दोन ग्रॅमची का असेना. आणि वाचलेला पोलिसी वेळ-पैसा उपचारांकडे वळवायला हवा. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. अर्नाळ्याहून ठाण्याला जायचं म्हणजे आधी विरार स्टेशन, मग लोकलने दादर, तिथून उलटं ठाणं. मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईचा पूर्ण दिवस जातो, आणि दर महिन्याला जातो. तालुक्याच्या जागी आठवड्यातून दोन दिवस बसणारा मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक यांनी जे होईल ते शंभर छाप्यांनी होणार नाही. गांजाचं व्यसन सोडवणारी खास गोळी अजून निघालेली नाही, बोलूनच ते सुटतं. पुण्यातलं 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच बोलण्याचं काम करत आलं आहे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आई-बापांना एक विनंती. पोराच्या खिशात पुडी सापडली तर पहिल्या रात्री मारू नका आणि लपवूही नका. त्याला विचारा, कोणत्या वयात सुरू केलं, किती दिवस, रोज का, सोबत कोण. एकटं बडबडणं, रात्र रात्र जागणं, कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटणं, यांतलं काही दिसलं तर भगताच्या आधी डॉक्टर गाठा, त्याच आठवड्यात. कायद्याची भीती बाळगू नका, उपचारासाठी स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनीला एनडीपीएसच्याच कलम ६४-अ ने खटल्यापासून संरक्षण दिलं आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, तिला पैसे पडत नाहीत.